आगबोटीवरील दुसरी पंगत

कोपरगावच्या एका वाचकभगिनींचे पत्र आम्हांपुढे आहे. त्यांचे चिरंजीव व सूनबाई, चार आणि दोन वर्षांची दोन नातवंडे, आणि स्वतः बाई व त्यांचे यजमान, असा सहा जणांचा परिवार येत्या सुटीत मुंबईहून गोव्याकडे आगबोटीने जाऊन येणार आहे. कामासाठी नव्हे, केवळ समुद्राची हौस म्हणून. तिकिटे काढून झाली आणि मग समजले की, रात्रीच्या भोजनास त्यांस दुसरी पंगत मिळाली असून ती साडेआठास बसते. घरी नातवंडे साडेसहाला जेवून आठाच्या सुमारास निजतात. यावर घरात तीन मते पडली. चिरंजीव म्हणतात, मुलांना आजपासूनच उशिरा जेवण्याची सवय लावावी. यजमान म्हणतात, एवढी यातायात असेल तर जाऊच नये. सूनबाई म्हणतात, तुम्ही सर्व निश्चिंतपणे जेवून या, मी मुलांना घेऊन खोलीत बसेन. यांत खरे कोणाचे, असे बाईंनी विचारिले आहे.

आमच्या मते तिघांचेही नाही. त्यांतही सूनबाईंचे मत घरास सर्वांत सोयीचे आहे, म्हणून तेच पत्करले जाण्याचा संभव अधिक. आणि ते पत्करले जाऊ नये, एवढ्यासाठीच आम्ही या महिन्याचे पान या विषयास दिले आहे.

आमचा अहिल्यानगर जिल्हा समुद्रापासून दूर. गोदावरी, प्रवरा, मुळा, भीमा या नद्या आणि भंडारदऱ्याचा जलाशय यांपलीकडे आमच्या मुलांनी मोठे पाणी पाहिलेले नसते. त्यातून जुन्या काळी समुद्रगमन कलिवर्ज्यांत गणले जाई. परदेशी जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, आणि त्या वादात बोटीवर काय खाल्ले व कोणाच्या हातचे खाल्ले हा मुद्दा मोठा असे. अशा काळात, १८८३ साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेस आणि पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या. रमाबाईंबरोबर त्यांची कन्या मनोरमा होती. ती तेव्हा अवघी दोन वर्षांची. तात्पर्य, कडेवरचे मूल घेऊन आगबोटीवर चढणारी महाराष्ट्रीय माता ही आजची नवलाई नव्हे.

पुढे कोकणची बोट आली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीपर्यंत जाणाऱ्या त्या बोटीवर बहुतेक मंडळी डेकवर पथारी पसरीत आणि मूल भुकेले की डबा उघडीत. तेथे पंगतीची घंटा नव्हती. म्हणून उशिराच्या जेवणाचा प्रश्नही नव्हता. ती बोटसेवा बंद पडून आता काही दशके लोटली. त्यानंतर २०१८ साली 'आंग्रिया' ही नौका मुंबई व गोवा यांच्या दरम्यान हौशी प्रवाशांसाठी सुरू झाली, आणि २०२१ साली कॉर्डेलिया कंपनीची मोठी नौका मुंबईहून गोवा, लक्षद्वीप या बाजूस फिरू लागली. जुन्या बोटीत आणि या नौकांत मूलभूत भेद आहे. जुनी बोट गावास पोहोचविण्यासाठी होती. या नौकेत नौकेवर राहणे हाच प्रवासाचा हेतू, आणि रात्रीचे भोजन हा त्या राहण्यातला मुख्य समारंभ. मुलांची अडचण येथे उत्पन्न होते.

प्रथम हे भोजन कसे चालते ते पाहू. मोठ्या नौकेवर दीड-दोन हजार उतारू असतात. तेवढ्यांची पाने एकाच वेळी मांडता येतील एवढा भोजनगृहाचा विस्तार बहुधा नसतो. म्हणून आपल्याकडे लग्नघरी पंगती उठतात तशा येथेही दोन पंगती करण्याची जुनी पद्धत आहे. पहिली सायंकाळी सहाच्या आसपास, दुसरी आठ ते साडेआठच्या सुमारास. स्पेन व इटली या देशांतून सुटणाऱ्या नौकांवर तर दुसरी पंगत नवाच्या सुमारास किंवा त्याहूनही पुढे बसते, कारण तिकडील लोकांची जेवणाची वेळच तशी. शिवाय येथे पान एकदम वाढले जात नाही. आधी पेय, मग सार, मग मुख्य पदार्थ, मग गोड, असे एकामागून एक येत राहते आणि दीड तास सहज जातो. म्हणजे साडेआठला बसलेले मूल दहाला उठणार. प्रौढ माणसास यात विसावा वाटतो. दोन वर्षांच्या मुलास ती उंच खुर्चीवरची कैद होय.

आता चिरंजीवांचे मत घेऊ. मुलांना आधीपासून उशिरा जेवण्याची सवय लावणे शक्य आहे काय? शक्य आहे, दररोज पंधरा-वीस मिनिटे पुढे सरकवीत गेल्यास आठवड्या-दीड आठवड्यात वेळ बदलते. परंतु ते करावे काय, हा निराळा प्रश्न. वैद्यकशास्त्राच्या आजच्या मताप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलास दहा ते तेरा तास. यात दुपारची झोपही धरली आहे. रात्री दोन तास उशिरा निजलेले मूल सकाळी दोन तास उशिरा उठतेच असे नाही. पुष्कळ मुले नेहमीच्याच वेळी उठतात आणि तूट अंगावर घेऊन दिवसभर किरकिरतात. दुसरे असे की, अतिशय थकलेले मूल मोठ्या माणसाप्रमाणे गपकन निजत नाही. ते चेकाळते, धावते, रडते, हाती दिलेले फेकते. यास आपण हट्ट म्हणतो. वस्तुतः ती झोपेची मागणी असते. मुलास शब्द सापडत नाहीत एवढेच. दोन रात्रींच्या प्रवासासाठी पंधरा दिवसांची घडी मोडणे आणि परत आल्यावर ती बसविण्यास आणखी पंधरा दिवस घालविणे, हा हिशेब आम्हांस पटत नाही.

दूरदेशी जाणाऱ्यांस मात्र घड्याळाचा हिशेब अवश्य करावा लागतो. आणि तो येथेच सांगून ठेवितो, कारण आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे अलीकडे सिंगापूर किंवा दुबई येथे जाऊन तेथून बोटीवर चढतात. मुंबई, गोवा, लक्षद्वीप, श्रीलंका यांचे घड्याळ एकच. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तेथे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा घरी सायंकाळचे सहा झालेले असतात. तेव्हा पहिल्या एक-दोन दिवशी तेथील दुसरी पंगत मुलांच्या पोटास अगदी वेळेवर वाटेल. दुबई आपल्यामागे दीड तास. तेथील साडेआठ म्हणजे घरचे दहा. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात स्पेन-इटलीकडे गेल्यास आपण साडेतीन तास पुढे असतो. तेथील साडेआठ म्हणजे आपल्या मुलाची ऐन मध्यरात्र. वर गंमत अशी की, जून महिन्यात बार्सिलोनास सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आकाश म्हणते दिवस आहे आणि मुलाचे शरीर म्हणते रात्र आहे. शरीराचे घड्याळ साधारणपणे दिवसास तासभर सरकते. म्हणून पश्चिमेकडील लांबच्या प्रवासात पहिले तीन-चार दिवस मुलांसाठी उशिराच्या पंगतीचे नावही काढू नये.

यजमानांचे मत, जाऊच नये, यात त्राग्याचा भाग अधिक आहे. मुलांची आबाळ न होता हा प्रवास करता येतो. थोडी योजना मात्र हवी. ती अशी.

पंगत बदलून मिळते काय, हे कंपनीस आजच लेखी विचारावे. लहान मुले बरोबर आहेत, त्यांची वये अमुक, हे स्पष्ट लिहावे. आधी नकार आला तरी नौकेवर पाऊल ठेविल्याबरोबर भोजनगृहाच्या प्रमुखास पुन्हा विचारावे, कारण त्या दिवशी काही मंडळी आपापल्या पंगती बदलून घेतात आणि जागा मोकळ्या होतात. त्यास संकोच नको. आपल्या नगरच्या बाजारपेठेतील जैन बांधव सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम कसा निष्ठेने पाळतात हे आपण नित्य पाहतो. प्रवासात ते आपली वेळ स्वच्छ शब्दांत सांगतात, आणि भारतीय प्रवासी नेणाऱ्या नौका जैन भोजनाची व्यवस्था ठेवितातही. धर्माचा नेम सांगताना जो संकोच वाटत नाही तो मुलाची भूक सांगताना का वाटावा?

पंगत बदलून न मिळाली तरी बिघडत नाही. मोठ्या नौकांवर मुख्य भोजनगृहाखेरीज स्वतः वाढून घेण्याचे दुसरे भोजनस्थान असते आणि तेथे सायंकाळी लवकर अन्न मिळते. मुलांचे रात्रीचे जेवण तेथेच, त्यांच्या घरच्या वेळी, म्हणजे साडेसहाला उरकावे. जेवणही घरच्यासारखेच असावे: मऊ भात, वरण, दही, पोळीचा कुस्करा, एखादे फळ. समोर पन्नास पदार्थ मांडलेले पाहून मुलांस सर्वच हवे होते. त्यांपैकी नवा पदार्थ एकच द्यावा, तोही दुपारी. दुपारची झोप कोणत्याही सबबीवर चुकवू नये. नौकेवरचे जलक्रीडेचे हौद आणि खेळ मुलांस इतके दमवितात की, दुपारी न निजलेले मूल सहालाच पानावर डुलक्या घेते आणि मग उपाशी निजते.

पहिल्या दिवसाचा विचार स्वतंत्रपणे करावा. अहिल्यानगरहून मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटर. कोपरगावकरांस नाशिकवरून येताना तेवढाच पल्ला पडतो. पहाटे निघून दुपारी बंदरावर पोहोचावे, तेथे कागदपत्रांच्या व सामानाच्या तपासणीसाठी रांगेत उभे राहावे, आणि नौका सुटण्याच्या सुमारास संकटसमयी कोठे जमावयाचे याची कवाईत व्हावी. ही कवाईत आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीची आहे व ती मुलांसह मनापासून करावी. या सर्वांत मुलांच्या जेवणाची वेळ कोठे हरवते हे ध्यानीही येत नाही. म्हणून त्या दिवसासाठी घरून दुधातल्या दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, केळी असे घ्यावे आणि बंदरावर चढण्याआधीच मुलांस खाऊ घालावे, कारण घरचे शिजविलेले अन्न नौकेवर नेऊ देतीलच असा भरवसा नाही. विजेची किटली किंवा भात शिजविण्याचे यंत्र तर आगीच्या भीतीने सहसा नेऊ देत नाहीत. दोन वर्षांच्या मुलाच्या हाती शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. हलत्या बोटीवर, खेळत खेळत खाताना, ते घशात अडकण्याचा धोका मोठा.

बोट लागण्याविषयीही दोन शब्द. दोन वर्षांखालील मुलास बोट क्वचितच लागते. दोन ते बारा या वयात ती अधिक लागते. तेव्हा या घरात थोरल्या नातवाकडे लक्ष अधिक ठेवावे लागेल. रिकामे पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही यास वाईट. रात्री उशिरा, भुकेने व्याकूळ होऊन, मग एकदम गोडधोड खाल्लेले मूल बोट लागण्यास अगदी तयार असते. हलके व वेळेवर जेवण हाच पहिला उपाय. खोली नौकेच्या मधल्या भागात व खालच्या मजल्यावर असेल तर हालचाल कमी जाणवते. औषध द्यावयाचे ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारूनच.

एवढे झाल्यावर कोणी म्हणेल, मग कुटुंबाने एकत्र जेवावयाचे कधी? सर्वांनी एका पंक्तीस बसावे यासाठी तर हा खर्च! यास आमचे उत्तर असे की, एकत्र जेवण सकाळी आणि दुपारी घ्यावे. तेव्हा मुले ताजी असतात, खिडकीबाहेर समुद्र दिसतो, आणि आजोबांस नातवाचे प्रश्न ऐकण्यास सवड असते. एकत्र जेवणे चांगले. परंतु एकत्रपणासाठी सर्वांत लहानाने सर्वांत मोठ्याच्या घड्याळाने चालावे, हा आपल्या घरांचा रिवाज कधीच नव्हता. संकष्टी चतुर्थीचेच पाहा. चंद्रोदय कधी साडेआठास, कधी दहाच्या सुमारास. तोवर घरातील मोठी माणसे उपाशी राहतात, मोदकांचा वास घरभर दरवळतो. परंतु चंद्र दिसेपर्यंत दोन वर्षांच्या मुलास तिष्ठत ठेविलेले आम्ही कोणत्याही घरी पाहिले नाही. त्यास वेळेवर जेवू घालून निजविले जाते आणि त्याच्या वाटणीचा मोदक झाकून ठेविला जातो. याने व्रत मोडत नाही, आणि मुलाचे काही हुकतही नाही.

यास शास्त्राधारही भक्कम आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात गृहस्थाच्या घरी कोणी कोणाआधी जेवावे याचा क्रम सांगितला आहे. त्या यादीत पहिला शब्द बालकाचा आहे. त्यामागून सुवासिनी, वृद्ध, गर्भिणी, आजारी माणूस आणि कन्या. मग अतिथी व सेवक. या सर्वांस जेवू घातल्यावर जे उरेल ते दंपतीने खावे. मनुस्मृतीतही सुवासिनी, कुमारी, आजारी व गर्भिणी यांस पाहुण्यांच्याही आधी, मनात विकल्प न आणिता, जेवू घालावे असे म्हटले आहे. भुकेची निकड ज्यास अधिक त्याचे पान आधी, हे यातले तत्त्व आहे. बोटीवरचा वाढपी काही याज्ञवल्क्य वाचून आलेला नसतो. ते तत्त्व ध्यानी ठेवणे घरच्या माणसाचे काम.

आता सूनबाईंच्या मताकडे वळतो. मी खोलीत बसेन, तुम्ही जेवून या, असे ज्या घरात सून सहज म्हणते, त्या घरात ती वाईट सून नाही. परंतु तिचे म्हणणे ज्या घरात सहज ऐकले जाते, त्या घराने स्वतःकडे पाहावयास हवे. दोन रात्रींचा प्रवास, दोन समारंभाची जेवणे, आणि दोन्ही रात्री ती अंधाऱ्या खोलीत झोपलेल्या मुलांच्या उशाशी बसून, कोणीतरी आणून दिलेले गार पान खाणार. घरी ती हेच करते. मग तिच्यासाठी प्रवास कोणता झाला? तिकिटाचे पैसे तर तिच्याही नावाचे भरले आहेत.

येथे आम्ही वरील स्मृतिवचनातील एका शब्दाकडे लक्ष वेधू इच्छितो. सर्वांमागून जेवणाऱ्यांसाठी तेथे योजिलेला शब्द 'दंपती' हा आहे, आणि तो संस्कृतात द्विवचनी चालतो. शेवटचे पान एकट्या गृहिणीचे, असे स्मृतिकार म्हणत नाहीत. ते पतिपत्नी दोघांचे म्हणतात. मागून जेवण्याचा त्याग असेल तर तो दोघांचा, आणि सर्व निजल्यावर निवांतपणे जेवण्याचे सुख असेल तर तेही दोघांचे. पुढे व्यवहारात त्यातला पती हळूच पहिल्या पंगतीत सरकला. द्विवचनाचे एकवचन झाले ते असे.

म्हणून आमची योजना अशी. पहिल्या रात्री सर्वच थकलेले असतील. तेव्हा सहाही जणांनी साडेसहाला त्या दुसऱ्या भोजनस्थानी साधे जेवून लवकर निजावे. दुपारचे जेवण मुख्य भोजनगृहात मिळत असल्यास दुसऱ्या दिवशी दुपारी सर्वांनी तेथे थाटाने जेवावे. आजी-आजोबांचा समारंभ तेव्हा पुरा होईल. त्याच दिवशी सायंकाळी साडेसहाला मुलांस जेवू घालावे. त्यांच्याबरोबर आजी-आजोबांनीही जेवून घ्यावे. त्या वयात तेच प्रकृतीस मानवते. आठाला मुले निजली की आजी-आजोबांनी त्यांच्या खोलीत बसावे आणि चिरंजीव व सूनबाई यांनी दुसऱ्या पंगतीस जावे. प्रवास तीन रात्रींचा असेल आणि आजी-आजोबांसही रात्रीचा थाट पाहण्याची इच्छा असेल, तर तिसऱ्या रात्री त्यांनी जावे व मुलांजवळ चिरंजीवांनी बसावे. आजी-आजोबा हे बरोबर नेलेले राखणदार नव्हेत. तेही प्रवासी आहेत, हे तरुण मंडळींनी विसरू नये.

ज्या कुटुंबाबरोबर वडील माणसे नाहीत, त्यांनी पाळी लावावी: एका रात्री एकाने जावे, दुसऱ्या रात्री दुसऱ्याने, किंवा दोघांनीही मुलांबरोबर लवकर जेवून, मुले निजल्यावर खोलीतच काही मागवून निवांत बोलत बसावे. पुष्कळ नौकांवर मुलांचे क्रीडागृह असते व तेथे सायंकाळी मुले सांभाळतात. परंतु ते बहुधा तीन वर्षांपुढील, स्वतःहून शौचास सांगणाऱ्या मुलांस घेतात. धाकट्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. एक गोष्ट मात्र कोणीही, कितीही थोड्या वेळासाठी, करू नये. निजलेल्या मुलास खोलीत एकटे ठेवून दार ओढून जेवावयास जाऊ नये. जागे झालेले मूल दार उघडून लांबच लांब सारख्याच दिसणाऱ्या बोळांत हरवू शकते, आणि खोलीस सज्जा असेल तर त्याहून भयंकर काही होऊ शकते.

चार वर्षांच्या नातवास मोठ्यांची पंगत पाहण्याचा फारच सोस असेल तर एका सायंकाळी, तो दुपारी पुरेसा निजला असल्यास, त्यास आधी नेहमीच्या वेळी जेवू घालून मग बरोबर न्यावे. वाढप्यास बसताक्षणीच सांगावे की, याचे गोड आधी आणा. गोड खाऊन झाले की वडिलांनी त्यास उचलून खोलीत न्यावे. वडिलांनी म्हटले आहे, हे ध्यानात ठेवावे.

कोपरगावच्या भगिनींस आमचे एवढेच सांगणे आहे की, साडेआठची ती दुसरी पंगत तुमच्या तिकिटावर आलीच आहे, तर तिचा राग मानू नका. मुलांची पाने त्यांच्या वेळी वाढा, त्यांस निजवा, आणि मग ती पंगत तुमच्या मुलास आणि सुनेस द्या. बऱ्याच दिवसांनी दोघे समोरासमोर बसून गरम अन्न जेवतील.